मऊ जबडे आणि पाच शिट्ट्या

स्वयंपाकघरातल्या एकाही ड्रॉवरला मूठ नव्हती, आणि ती नसण्याला मिलिमीटरराव एकटे जबाबदार होते. जुन्या प्लॅस्टिकच्या मुठी त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी उत्साहाच्या भरात उपटून कचऱ्यात टाकल्या होत्या. "आता पितळी बसवू. घरच्या लेथवर करून!" असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यानंतर बायकोला ड्रॉवर उघडायचा तर फटीत चमच्याची दांडी घालून तो पुढे ओढावा लागे, आणि चमचे ड्रॉवरमध्ये असत. म्हणून एक चमचा कायमचा बाहेर काढून ओट्यावर ठेवला होता. बायको त्याला किल्ली म्हणायची. ती किल्ली हरवली की सापडेपर्यंत घरात कोणी कोणाशी बोलत नसे.

मिलिमीटरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर बाळगत. एकदा चहाबरोबर आलेलं बिस्कीट मोजून ते पुड्यावरच्या चित्रातल्या बिस्किटापेक्षा लहान असल्याचं त्यांनी भर कचेरीत सिद्ध केलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. ते सोसायटीत पोचलं, मग सासुरवाडीत पोचलं. त्यांना ते नाव मनातून आवडत असे, पण तसं दाखवायची सोय नव्हती.

लेथ, म्हणजे धातू गरगर फिरवत कातायचं यंत्र, बाल्कनीत होता. एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलेला, ठेंगणा, हिरव्या रंगाचा आणि तेलाचा वास मारणारा. ज्या जागी तो बसला होता त्या जागी बायकोला एक आरामखुर्ची ठेवायची होती. संध्याकाळचं ऊन अंगावर घेत चार पानं वाचावीत, एवढीच त्या बाईची आयुष्याकडून मागणी होती. तिच्या त्या स्वप्नावर अडीचशे किलोचं लोखंड येऊन बसलं.

"पुढच्या रविवारी ताई आणि भाऊजी जेवायला येतायत," बायको म्हणाली. "रविवारी सकाळी मला ड्रॉवरना मुठी दिसल्या तर ठीक. नाही दिसल्या तर सोमवारी भंगारवाला, आणि बाल्कनीत माझी खुर्ची."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. बायको ओरडली की मिलिमीटरराव निर्धास्त असत. ती शांत बोलली की ते आधी कॅलेंडर बघत.

त्यात येणार कोण, तर साडूभाऊ! साडूभाऊंनी सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या खरेदीखात्यात काढली होती. या माणसाने जन्मात कधी एक खिळा ठोकला नव्हता, पण लाखो खिळे विकत घेतले होते. जगात करण्यासारखं काही नसतं, सगळं मागवण्यासारखं असतं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. लेथ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "अरे वा. पण मग यातून मिळतं काय? तयार मिळत नाही असं काय?" या प्रश्नाचं उत्तर मिलिमीटरराव गेले कित्येक महिने आंघोळ करताना मनातल्या मनात देत होते.

आता मूठ करणं म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. आकार भूछत्रासारखा. वर गोल डोकं, खाली बारीक मान. पितळेची कांडी लेथवर धरायची, डोकं घडवायचं, चकचकीत करायचं आणि कापून वेगळं करायचं. इथपर्यंत मिलिमीटररावांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गोची पुढे होती. मग ती मूठ उलटी करून, डोक्याला धरून, मागच्या बाजूने स्क्रूसाठी भोक पाडावं लागतं. लेथच्या फिरत्या तोंडाला चक म्हणतात, आणि त्या चकाला तीन पोलादी जबडे असतात. त्यांनी ते चकचकीत डोकं गच्च धरलं की त्यावर तीन खोल वळ उठत. हलकेच धरलं तर मूठ सुटून बाहेर येई. पहिल्या चार मुठी अशा दिसत होत्या की कोणीतरी दाराआड नेऊन त्यांना चोपलं असावं.

बातमी जिन्यातून पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्या आजोबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालायला सांगितलं. तो घातला, तर मूठ फिरण्याऐवजी नाचायला लागली. समोरच्या काकूंनी स्वतःच्या यजमानांचा लोकरी मोजा आणून दिला आणि धुऊन परत करायची अट घातली. तो मोजा चकाने एका क्षणात गुंडाळून घेतला आणि मिलिमीटररावांच्या बाहीपर्यंत येऊन थांबला. मोजा परत करता आला नाही. काकूंचे यजमान त्यानंतर जिन्यात भेटले की खाली पायाकडे बघून पुढे जात.

शेवटी मोबाईलवर एक दाढीवाला भेटला. परदेशातला कुठलासा कारागीर, त्याचे व्हिडिओ मिलिमीटरराव भक्तिभावाने बघत. दाढीवाल्याच्या कारखान्यात सगळी हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली असत, आणि त्या कारखान्यात कधीही कोणाची बायको येत नसे. त्याने सांगितलं की पोलादी जबडे काढा, त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसवा आणि ते ठोकळे लेथवरच आतून कोरून तुमच्या वस्तूच्या मापाचे करा. मग ते वस्तूला सगळीकडून अलगद धरतात, ओरखडासुद्धा उठत नाही. मऊ जबडे! मिलिमीटररावांनी ते शब्द दोनदा मोठ्याने उच्चारले. व्हिडिओचा उरलेला भाग त्यांनी पाहिला नाही, कारण मुद्दा कळला होता.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून परस्पर धातूच्या दुकानात गेले.

"किती पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"तीन तुकडे. साबणाच्या वडीएवढे."

"वडी साबणाच्या दुकानात मिळेल. इथे कांब मिळते. बारा फुटी."

"पण मला तीनच तुकडे हवेत. कापून द्या ना."

"कापणारा रजेवर आहे."

"कधी येईल?"

"त्याचा पाय बरा झाला की. आमच्याच कटरवर कापला."

मिलिमीटरराव बारा फुटी कांब खांद्यावर घेऊन घरी निघाले. बारा फूट लांब वस्तू खांद्यावर असलेल्या माणसाने कधी मागे वळून बघू नये, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "अहो, जरा सांभाळून!" असं मागून कोणी ओरडलं की ते माफी मागायला वळत, आणि मग कांबेचं दुसरं टोक दुसऱ्याच कोणाची माफी मागण्याची वेळ आणत असे. या हिशोबाने रस्ताभर त्यांनी बऱ्याच लोकांची क्षमा मागितली. एका फळवाल्याने तर ते दिसताच पूर्ण गाडी गल्लीत ढकलून दिली.

सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. कुत्र्याला वास यावा तसा सेक्रेटरींना नियमभंगाचा वास येत असे.

"हे काय?"

"अ‍ॅल्युमिनियम."

"बांधकाम साहित्य. त्याला कमिटीची परवानगी लागते. अर्ज करा, पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ."

"अहो, बांधकाम कसलं? यातून जबडे करायचेत."

सेक्रेटरींनी कांबेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "कोणाचे?" त्यांनी विचारलं.

मिलिमीटररावांनी चक, मुठी, वळ, दाढीवाला हे सगळं समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. लिफ्टमध्ये उभी न मावणारी कोणतीही वस्तू बांधकाम साहित्य समजण्यात येईल. वस्तू कशाची आहे याबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता. तेव्हा मिलिमीटरराव वर गेले, करवत घेऊन खाली आले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर बसून कांब कापायला लागले. हेडक्लार्कच्या पेशातला माणूस, पायांत कचेरीचे बूट, आणि घासतोय करवत! भोवती माणसं जमली. कोणी करवत उलटी धरली आहे म्हणालं, कोणी तेल टाका म्हणालं, एकाने तर "किती घेता हो एका कापाचे?" असं विचारून त्यांच्या काळजाला घरं पाडली. एकदा हात चालायला लागला तसा रागही चालायला लागला. नियमापुरते दोन तुकडे पुरले असते, पण त्यांनी कांबेचे पार लहान लहान ठोकळे करून टाकले. सेक्रेटरींनी ते ठोकळे विनातक्रार आत जाऊ दिले.

ठोकळ्यांना भोकं पाडून ते चकावर बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग पहिला संच कोरला. मिलिमीटररावांनी आपल्या बुद्धीने ठरवलं की मूठ मानेला धरावी. मान नऊ मिलिमीटर, म्हणून जबड्यांच्या मधोमध नऊ मिलिमीटरचं गोल भोक कोरलं. माप इतकं बरोबर आलं की त्यांनी बायकोला हाक मारून ते दाखवलं. तिने पाहिलं, आणि आत जाऊन किल्लीने ड्रॉवर उघडला.

मग त्यांनी मूठ त्या जबड्यांत आवळली आणि लेथ सुरू केला. जेमतेम दोन-चार फेरे झाले असतील. मूठ जबड्यांतून निसटली, बाल्कनीच्या उघड्या खिडकीतून बाहेर पडली, आणि खाली फाटकाशी लावलेल्या 'शांतता राखा' या पत्र्याच्या पाटीवर आदळली. असा घणघणाट झाला की चारही मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली.

सेक्रेटरी मूठ रुमालात धरून वर आले. "ही तुमची का?"

"हो," मिलिमीटरराव म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, सोसायटीत दुसरं कोणीच पितळेच्या गोळ्या झाडत नव्हतं.

सेक्रेटरींच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर उतरले. त्यांना तक्रार करायची नव्हती, त्यांना कुतूहल होतं. त्यांनी चकात बोट घालून जबडे तपासले. सवयीने "आ करा" म्हणायचेच राहिले.

"मापं कधी घेतली तुम्ही? जबडे मोकळे असताना?"

"म्हणजे काय?"

"अहो, तोंड मोकळं उघडं असताना माप घेतलं की कवळी सैलच होणार. माणूस चावतो तेव्हा जबडा बसतो कसा, ते बघावं लागतं. मी पेशंटला आधी काहीतरी चावून धरायला लावतो, मग माप. तुमच्याही जबड्यांना काहीतरी चावायला द्या, गच्च, आणि मग कोरा."

मिलिमीटररावांनी रात्री दाढीवाल्याचा व्हिडिओ पुढे नेऊन पाहिला. तोही तेच सांगत होता. जबड्यांच्या मुळाशी एक गोल धातूचा तुकडा आवळून धरा, म्हणजे त्यांच्यातली ढिलाई निघून जाते, आणि मग पुढचा भाग कोरा. शिवाय मूठ मानेला न धरता डोक्याला धरा. तो चुकलेला पहिला संच त्यांनी रागाने पत्र्याच्या डब्यात फेकला आणि नवे ठोकळे चकावर चढवले. ठोकळ्यांना तोटा नव्हता.

शनिवार उजाडला. दुपारी बायको दुसऱ्या दिवसाची भाजी आणायला बाहेर पडली. जबडे तयार होते, प्रश्न एवढाच होता की त्यांना चावायला काय द्यावं. सुपारीएवढं जाड, गोल, कडक असं काहीतरी हवं होतं. बाटलीचं बूच दिलं, त्याचा भुगा झाला. दोऱ्याचं रीळ दिलं, ते चपटं झालं. नाणं फार पातळ. मिलिमीटरराव व्हर्नियर उघडा धरून घरभर फिरले, आणि स्वयंपाकघरात त्यांची नजर कुकरवर गेली. कुकरच्या डोक्यावर शिटी होती. गोल, भरीव, पोलादी, कारखान्यात घडवलेली. त्यांनी ती मोजली. अगदी हवी तशी!

इथे या घरातली शिटीची प्रतिष्ठा सांगायला हवी. बायकोचा स्वयंपाक घड्याळावर चालत नसे, शिट्ट्यांवर चालत असे. भाताला तीन, डाळीला चार, चण्यांना पाच. ती शिट्ट्या मोजत असताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही, फोन आला तरी उचलायचा नाही, हा घरचा कायदा होता. आणि तिचा अंदाज आजवर एकदाही चुकला नव्हता. एवढं सगळं ठाऊक असूनही मिलिमीटररावांनी ती शिटी उचलली, कारण पाच मिनिटांचंच तर काम होतं.

शिटी जबड्यांच्या मुळाशी आवळली. लेथ सुरू केला. हत्याराचं टोक अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरलं आणि चांदीसारखा कीस खाली पडू लागला. काम इतकं झकास चाललं होतं की मिलिमीटररावांना गाणं सुचलं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"काय साडूभाऊ! उद्या येतोय बरं का. येताना काही आणू?"

"काही नको, फक्त या," मिलिमीटरराव एका हाताने लेथचं चाक फिरवत म्हणाले.

"नाही, म्हटलं मुठी आणू का? तुमच्या मेहुणीने सांगितलं मला, चमच्याने ड्रॉवर उघडता म्हणे. माझ्या ओळखीचा आहे एक, अर्ध्या तासात बसवून देईल. लाज वाटून घेऊ नका हो, घरचेच आहोत आपण."

"मुठी तयार आहेत!" मिलिमीटरराव ओरडले. अपमानाने त्यांचे कान तापले. त्या तिरीमिरीत ते हाताने चाक फिरवतच राहिले, आणि हत्यार पुढे पुढे जातच राहिलं. "घरी केलेल्या! पितळी! तुमच्या त्या कॅटलॉगात सात जन्मात मिळायच्या नाहीत अशा!"

"बघू की उद्या," साडूभाऊ हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

मिलिमीटररावांनी खाली पाहिलं. कीस पडत होता, पण तो आता काळपट होता. हत्याराने जबडे केव्हाच पार केले होते आणि ते शिटीत शिरलं होतं. लेथ थांबवून त्यांनी शिटी बाहेर काढली. तिचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट झाला होता आणि हाताला ती निम्मीच लागत होती.

मग हेडक्लार्कच्या डोक्याने विचार सुरू केला. शिटी हलकी झाली, म्हणजे वाफ लवकर सुटणार. वाफ लवकर सुटणार म्हणजे कुकर फुटण्याचा धोका नाही. उलट सुरक्षितता वाढली. अशी सोयीस्कर बेरीज करून त्यांनी शिटी पुसली, कडा घासून छान चकचकीत केली आणि परत कुकरवर ठेवली. खड्ड्यावर बसवायला एक काळी रबरी टोपीही सापडली.

पण जबडे! जबडे अप्रतिम झाले होते. मूठ त्यात अशी बसली की जणू आईच्या कुशीत. मागून भोक पडलं, आटे पडले, आणि बाहेर काढून पाहिली तर डोक्यावर वळ सोडा, साधा डागही नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मुठी झाल्या. रविवारी सकाळी बायको उठून स्वयंपाकघरात आली तेव्हा ड्रॉवरवर पितळी मुठींची रांग झळकत होती. तिने एकीवर बोट फिरवलं. मग ड्रॉवर ओढला, बंद केला, परत ओढला. एकेक करत सगळे ड्रॉवर उघडून पाहिले.

"सुंदर झाल्यात हो," ती म्हणाली. तिने ओट्यावरचा तो चमचा उचलला, धुतला आणि ड्रॉवरमध्ये बाकीच्या चमच्यांत ठेवून दिला.

मिलिमीटररावांना गहिवरून आलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत बायकोने त्यांच्या एखाद्या वस्तूला सुंदर म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि त्याच वेळी त्यांची नजर कुकरकडे गेली. "आज कुकर मी लावतो," ते पटकन म्हणाले. "तू तयार हो." बायकोने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण ती साडी बदलायला गेली.

कुकर चढला आणि पाहुणेही आले. साडूभाऊंनी बूट काढले न काढले तोच थेट स्वयंपाकघर गाठलं. त्यांनी मुठी ओढून पाहिल्या, वाकून पाहिल्या, नखाने खरवडून पाहिल्या. खोट सापडेना तसे ते अस्वस्थ झाले.

"मुठी बऱ्या आहेत," ते म्हणाले. "पण ड्रॉवर आपोआप बंद होत नाहीत वाटतं? आमचे होतात." मग त्यांनी स्वयंपाकघरावर नजर फिरवली. "खरं कौतुक मला हिचं वाटतं. एवढ्याशा कोंडवाड्यात ही बिचारी उभी तरी कशी राहते! आमच्याकडे पितळी मुठी शोभल्या असत्या. पण म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत!" आणि ते स्वतःच खदखदा हसले.

बायको दारात उभी होती. ती शिट्ट्या मोजत होती. पण तिचा चेहरा पडला, तो मिलिमीटररावांना दिसला. त्यांना स्वतःचे अपमान सहन व्हायचे, त्याची सवय होती. बायकोचा हा अपमान मात्र झाला नाही.

तेवढ्यात पाचवी शिटी झाली. "आज भराभरा झाल्या," बायको पुटपुटली आणि तिने गॅस बंद केला.

पानं वाढली गेली. साडूभाऊंनी रश्श्यातले चणे चमचाभर घेतले, तोंडात टाकले आणि आपल्या घरच्या आपोआप उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याबद्दल सांगता सांगता चावले. कट्ट असा आवाज झाला. साडूभाऊ बोलायचे थांबले, ही गोष्ट इतकी नवलाची होती की सगळ्यांनी माना वर केल्या. त्यांनी तोंडात दोन बोटं घातली आणि एक पांढरी चकचकीत वस्तू बाहेर काढली. दाढेवरची टोपी, साक्षात!

"चणे शिजलेच नाहीत," मेहुणी एक दाणा बोटांनी दाबून बघत म्हणाली. "खडे आहेत नुसते."

मिलिमीटररावांच्या हातातला घास हातातच राहिला. आता सगळं बाहेर येणार, शिटी निघणार, भंगारवाला येणार. त्यांनी कबुली द्यायला तोंड उघडलं.

"माझंच चुकलं," बायको मध्येच म्हणाली. "आज एक शिटी कमी मोजली मी."

मेहुणी तिच्याकडे बघतच राहिली. मिलिमीटररावसुद्धा. शिटी मोजायला चुकणं ही या बाईसाठी केवढी मोठी नामुष्की होती, ते त्या टेबलावर फक्त त्यांना कळत होतं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरून दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. ते घरच्या चड्डीवर, हातात छोटी पेटी घेऊन आले. साडूभाऊंना खिडकीपाशी बसवून त्यांनी "आ करा" म्हटलं. "दाढ धडधाकट आहे. टोपीही शाबूत आहे. आतलं जुनं सिमेंट खरवडलं की आत्ता चिकटवून देतो. पण ही धरायची कशात? दवाखाना रंगकामाला काढलाय. हातात धरली तर सटकते, पकडीत धरली तर तडा जाईल. अगदी अलगद धरणारं काहीतरी हवं."

मिलिमीटररावांनी खिशातून व्हर्नियर काढला, डॉक्टरांच्या तळहातावरची टोपी मोजली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढू लागलं.

"नऊ मिलिमीटर," ते म्हणाले. "जराशी कमीच."

पत्र्याच्या डब्यातून तो चुकलेला पहिला संच बाहेर निघाला. तो चकावर चढेपर्यंत सगळे बाल्कनीत दाटीवाटीने उभे राहिले. साडूभाऊ गालाला रुमाल लावून लेथकडे बघत होते. मोठाल्या चाव्या, कड्या, तेलाचे ओघळ, आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांच्या दाढेची टोपी जाऊन बसणार होती. मिलिमीटररावांनी ती इवलीशी टोपी जबड्यांच्या मध्ये ठेवली आणि चावी हळूच फिरवायला सुरुवात केली.

"अहो... अहो, सांभाळून," साडूभाऊ रुमालाआडून म्हणाले. त्यांचा आवाज चक्क केविलवाणा झाला होता. "ते... ते सुरू नाही ना करणार तुम्ही?"

मिलिमीटरराव वळले. त्यांनी साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. इतके महिने आंघोळीत घोकलेली सगळी उत्तरं त्यांच्या ओठावर आली होती, पण त्यांतलं एकही त्यांना लागलं नाही.

"काळजी करू नका, साडूभाऊ," ते म्हणाले. "जबडे मऊ आहेत."

डॉक्टरांनी टोपी खरवडून साफ केली. ओरखडासुद्धा उठला नाही. "माझ्या दवाखान्यात पाहिजे हो असं एक," ते म्हणाले, आणि ते वाक्य मिलिमीटररावांनी साडूभाऊंना नीट ऐकू गेलं आहे ना याची खात्री करून घेतली. टोपी बसली. आता तासभर काही चावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. साडूभाऊंनी उरलेलं जेवण म्हणून ताक प्यायलं.

"चणे होते, पण दात नव्हते," मेहुणी चपला घालताना म्हणाली, आणि आपल्या नवऱ्याकडे बघून पहिल्यांदाच मनापासून हसली.

पाहुणे गेल्यावर घर एकदम शांत झालं. मिलिमीटरराव स्वयंपाकघरात आले तेव्हा बायको ओट्याशी उभी होती. तिच्या एका हातात काळी रबरी टोपी होती आणि दुसऱ्या हातात शिटी. ती शिटी हातावर तोलून बघत होती.

"ही कोणी खाल्ली?"

"जबड्यांनी," मिलिमीटरराव खालमानेने म्हणाले. "त्यांना चावायला दिली होती. तेवढ्यात तुझ्या भाऊजींचा फोन आला, आणि माझा तोल गेला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पाच शिट्ट्या एवढ्या झटपट? मला काय ऐकू येत नाही?"

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं," ती म्हणाली, "पण त्यांनी माझ्या स्वयंपाकघराला कोंडवाडा म्हटलं ना."

"मग उद्या... भंगारवाला?" मिलिमीटररावांनी चाचरत विचारलं.

"मुठी सकाळी दिसल्या मला. शब्द म्हणजे शब्द. ते तुमचं धूड तेवढं भिंतीकडे सरकवा आणि माझी खुर्ची शेजारी मावते का ते मोजा. आणि उद्या येताना नवी शिटी आणा. विकतची. घरी करायची नाही."

"आणतो, आणतो!" मिलिमीटरराव हर्षभराने म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती इकडे, टाकून देतो."

बायकोने शिटी पदराने कोरडी पुसली. पितळी मूठ धरून तिने सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला आणि शिटी आत अगदी मागे, कापडात गुंडाळून ठेवली.

"टाकताय कशाला?" ती म्हणाली. "भाऊजी पुढच्या महिन्यात परत येतो म्हणालेत."